अनोळखी अक्षरांचे गाव

प्रस्तावना

प्रवास करावा, नवी गावे पाहावीत, अशी इच्छा बहुतेकांच्या मनात असते. परंतु प्रवास म्हणजे मोठा खर्च आणि मोठा खर्च म्हणजे श्रीमंतांचे काम, अशा समजुतीने अनेक जण घराबाहेर पडत नाहीत. काहींना पैशाची अडचण नसते. त्यांना परक्या भाषेची, अनोळखी माणसांची आणि वाचता न येणाऱ्या पाट्यांची भीती वाटते. प्रस्तुत पाठात कोल्हापूरच्या एका कामगाराने आपल्या तीन मित्रांसह बंगळूरपर्यंत केलेल्या बसप्रवासाचे आणि तेथील वसतिगृहातील मुक्कामाचे वर्णन केले आहे. ह्या प्रवासात त्याला शहर तर दिसलेच. पण स्वतःविषयीची एक जुनी लाजही त्याला नव्याने तपासून पाहावी लागली.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर आपण –
• कमी खर्चातील प्रवासाचे नियोजन कसे करावे, हे सांगू शकाल;
• धर्मशाळा आणि युवा वसतिगृह यांमागील विचार स्पष्ट करू शकाल;
• बंगळूर शहराचा महाराष्ट्राशी असलेला संबंध सांगू शकाल;
• लेखकाच्या मनात झालेला बदल स्वतःच्या शब्दांत मांडू शकाल.

मूळ पाठ

१

आम्ही चौघे मित्र कोल्हापूरच्या उद्यमनगरात काम करणारे. दोघे लेथवर, मी फाउंड्रीत आणि चौथा एका कारखान्यात हिशेबनीस. चौघांत तो एकटाच पदवीधर. माझी शाळा पाचवीतच सुटली. वडील गेले आणि दप्तराच्या जागी हातात फावडे आले. मराठी मी सावकाश वाचतो. इंग्रजी म्हणाल तर माझी सहीसुद्धा मराठीतच. बँकेतील स्लिप असो की दवाखान्यातील अर्ज, माझा कागद नेहमी हिशेबनीस मित्राच्या हाती जायचा. “चष्मा घरी राहिला रे,” असे मी म्हणायचो. मला चष्मा नाही, हे त्याला ठाऊक होते. तो कधी काही बोलला नाही.

दिवाळीत कारखाने बंद असतात. त्या सुट्टीत बंगळूरला जायचे ठरले. आईने ऐकले आणि म्हणाली, “एवढ्या लांब कशाला? जोतिबाला जाऊन या. आणि तिथं झोपणार कुणाच्या शेजारी? कोण, कुठला, काय ठावं?” तरीही निघण्याच्या दिवशी तिने धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली.

प्रत्येकाने सारखी रक्कम काढली आणि ती एका पिशवीत ठेवली. हिशेब वहीत लिहायचा आणि रोज रात्री सर्वांसमोर वाचायचा, असा नियम केला. कोल्हापूर ते बंगळूर हे अंतर सुमारे सहाशे किलोमीटर. रात्रीच्या बसने गेले की एका रात्रीचे मुक्कामाचे भाडे वाचते आणि दिवसही मोकळा मिळतो. म्हणून आम्ही संध्याकाळची बस धरली. सामान प्रत्येकाच्या पाठीवर मावेल एवढेच: दोन कपडे, चादर, पंचा, औषधाच्या गोळ्या, एक छोटे कुलूप आणि ओळखपत्र.

२

कागल मागे पडले, दूधगंगा ओलांडली आणि निपाणी आली. बेळगावपर्यंत कानावर मराठी पडत होती. धारवाड, हुबळीच्या पुढे मात्र खिडकीबाहेरच्या दुकानांवरील अक्षरे सगळी गोल गोल दिसू लागली. जेवणाच्या थांब्यावर सारख्याच रंगाच्या पाच-सहा बस उभ्या होत्या. आमच्यातला सर्वांत धाकटा हात धुऊन आला तो थेट दुसऱ्याच बसमध्ये चढला! कंडक्टरने माणसे मोजली, एक कमी भरला, म्हणून तो सापडला. तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला. त्या दिवसापासून बसमधून उतरताना बसचा क्रमांक तळहातावर लिहून घ्यायचा, असा त्याने कानाला खडा लावला.

पहाटे थंडी वाजू लागली. बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून अधिक उंचीवर आहे, हे अंगाला आधी कळले. चित्रदुर्ग, तुमकूर मागे टाकून सकाळी आम्ही केंपेगौडा बसस्थानकावर उतरलो. लोक त्या भागाला ‘मॅजेस्टिक’ म्हणतात. त्या नावाचे एक चित्रपटगृह तेथे होते, त्यावरून ते नाव रूढ झाले. आज जेथे बस उभ्या राहतात तेथे पूर्वी धर्माम्बुधी नावाचा तलाव होता. तलाव आटला, गावाची तहान वाढली आणि पाण्याच्या जागी माणसांची गर्दी भरली.

त्या गर्दीत आम्ही चौघे उभे. शेकडो बस, प्रत्येकीच्या कपाळावर पाटी. काहींवर इंग्रजी होते, पुष्कळांवर केवळ कन्नड. सवयीप्रमाणे आम्ही हिशेबनीस मित्राकडे पाहिले. तो एका पाटीकडून दुसरीकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, “मला काही वाचता येत नाही रे.”

हे वाक्य मी आयुष्यभर दुसऱ्यांना सांगायचे टाळत आलो होतो. तो ते सहज बोलून गेला. त्याला लाज वाटली नाही. वाटण्याचे कारणही नव्हते. कन्नड त्याला कोणी शिकवलीच नव्हती.

मला मात्र त्या परिस्थितीत नवे काहीच नव्हते. अक्षरांवाचून वाट काढण्याचे काम मी वीस-पंचवीस वर्षे करीत होतो. मी पुढे झालो. एका माणसाला विचारले, मग दुसऱ्याला विचारले. दोघांची उत्तरे जुळली तरच पाऊल उचलायचे, हा माझा जुना नियम. फळे विकणाऱ्या एका बाईंना मी “अक्का” म्हणून हाक मारली. त्या हसल्या आणि हाताने मेट्रोचा जिना दाखवला. ‘अक्का’, ‘अण्णा’ हे शब्द दोन्ही भाषांत नांदतात. त्या एका शब्दाने अर्धे काम केले.

पाठगत प्रश्न – १

१. लेखक आपले कागद मित्राकडे देताना कोणते कारण सांगत असे?
२. रात्रीच्या बसने प्रवास करण्याचा कोणता लाभ झाला?
३. वाट विचारण्याचा लेखकाचा नियम कोणता?

३

मेट्रोत मॅजेस्टिकच्या पुढचेच स्थानक सर एम. विश्वेश्वरय्या यांच्या नावाचे आहे. सेंट्रल कॉलेज तेथे जवळच. ह्याच कॉलेजातून विश्वेश्वरय्या १८८१ साली पदवीधर झाले आणि अभियांत्रिकी शिकण्यासाठी पुण्याला गेले. पुढे त्यांनी रचलेली, पाणी ठरावीक पातळीच्या वर गेले की आपोआप उघडणारी दारे १९०३ साली खडकवासल्याच्या धरणावर बसवली गेली. आम्ही आलो त्याच्या उलट दिशेने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एक विद्यार्थी विद्येसाठी गेला होता, हे मित्राने सांगितले तेव्हा गाडीतील ते नाव मला एकदम जवळचे वाटले.

इंदिरानगरात आमचे वसतिगृह होते. एका खोलीत आठ खाटा, एकावर एक अशा दुमजली. प्रत्येकाला लहान कपाट. कुलूप आपले आपण आणायचे. स्नानगृह सामाईक, स्वयंपाकघर सामाईक, रात्री ठरावीक वेळेनंतर दिवे बंद. हॉटेलात खोलीचे भाडे भरतात, येथे केवळ खाटेचे.

दारातच एका तरुण मुलीने प्रत्येकासमोर एकेक अर्ज ठेवला. इंग्रजीत. नाव, पत्ता, कोठून आलात, कशासाठी आलात. माझा हात आपोआप मित्राकडे वळला. त्याने अर्ज घेतला, थोडा वेळ थांबला आणि परत माझ्यापुढे ठेवला. “आज तू भर,” तो म्हणाला, “मी इथं शेजारीच उभा आहे.”

मला त्याचा राग आला. चारचौघांत त्याने माझी फजिती केली, असे वाटले. मागे पाच-सहा जण रांगेत उभे होते. मी खिशातून आधार कार्ड काढले. त्यावर माझे नाव आणि पत्ता मराठीत आहे, तसा इंग्रजीतही आहे. ती इंग्रजी अक्षरे मी कधी नीट पाहिलीच नव्हती. आता एकेक अक्षर पाहून मी अर्जावर उतरवू लागलो. फाउंड्रीत फर्मा पाहून वाळूत तसाच साचा उठवतात, तसेच. दहा-पंधरा मिनिटे लागली. मागच्यांपैकी एक जण कुरकुरला. ती मुलगी त्याला शांतपणे म्हणाली, “स्वल्प अड्जस्ट माडि.” म्हणजे ‘थोडे सांभाळून घ्या.’ बंगळूरच्या लोकांच्या तोंडी हे वाक्य पावलोपावली ऐकू येते. शेवटी मी मराठीत सही केली. तिने अर्ज पाहिला, शिक्का मारला आणि खाटेचा क्रमांक दिला. तिच्या दृष्टीने त्यात विशेष असे काहीच घडले नव्हते.

४

त्या रात्री माझ्या वरच्या खाटेवर रायचूरचा एक विद्यार्थी होता, समोर नोकरीच्या मुलाखतीसाठी ओडिशातून आलेला तरुण. आईचा प्रश्न आठवला: कोण, कुठला? मी धपाटी सोडली. विद्यार्थ्याने विचारले, “ऊटा आयता?” जेवण झाले का, असा त्याचा अर्थ. मग सहा जणांनी मिळून आईची धपाटी संपवली. कोणी कोणाची जात विचारली नाही, आडनावही नाही.

जेवताना त्या विद्यार्थ्याला मी पाट्यांची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, “आमची वर्णमालाही तुमच्यासारखीच आहे. अ, आ, इ, ई. क, ख, ग, घ. क्रम तोच, वळण तेवढे निराळे.” त्याने माझ्या वहीत अक्षरे काढून दिली. त्यातले ‘मै’ मी दहा वेळा गिरवले.

वसतिगृहाची कल्पना कोठून आली, हे मी पुढे वाचले. रिचर्ड शिर्मान हे जर्मनीतील एक शिक्षक. १९०९ च्या ऑगस्टमध्ये ते विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीला निघाले असता वादळात सापडले. एका गावच्या शाळेत त्यांना आसरा मिळाला. पेंढ्यावर झोपलेली मुले पाहताना त्यांच्या मनात आले, सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळा अशा प्रवासी मुलांसाठी का उघडू नयेत? १९१२ साली आल्टेना गावच्या किल्ल्यात पहिले कायमचे युवा वसतिगृह सुरू झाले. तेथून ही चळवळ जगभर गेली.

पण आपल्याला हा विचार परका नाही. अहिल्याबाई होळकरांनी तीर्थक्षेत्री धर्मशाळा बांधल्या. संत गाडगेबाबांनी स्वतः झोपडीत राहून पंढरपूर, नाशिक, मुंबई येथे गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभारल्या. बंगळूरच्या रेल्वे स्थानकाजवळही गुब्बी तोटदप्पा नावाच्या व्यापाऱ्याने प्रवाशांसाठी बांधलेली धर्मशाळा आहे. ती १९०३ साली सुरू झाली. वाटसरूला पाठ टेकण्यापुरती जागा मिळावी, ही भावना सगळीकडे एकच आहे.

५

दुसऱ्या दिवशी लालबाग पाहिली. हैदर अलीने १७६० च्या सुमारास ह्या बागेची सुरुवात केली. बागेत एक विस्तीर्ण खडक आहे, तो सुमारे तीनशे कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्यावर केंपेगौडांच्या नावाने ओळखला जाणारा एक लहान मनोरा आहे. केंपेगौडांनी १५३७ साली हे शहर वसवले. पुढे १६३८ साली विजापूरच्या सैन्याने ते जिंकले आणि शहाजीराजांना जहागिरीत मिळाले. शहाजीराजांचा मृत्यू १६६४ साली होदिगेरे येथे झाला. त्यांची समाधी असलेले ते गाव आजच्या दावणगेरे जिल्ह्यात आहे. रात्री झोपेत आम्ही त्याच जिल्ह्यातून आलो होतो.

लालबागेतील काचघराची पायाभरणी १८८९ साली झाली. मित्र माहितीफलक वाचत होते. मी खांबांजवळ थांबलो. ते ओतीव लोखंडाचे खांब होते. वाळूचा साचा कसा दाबतात, खांब पोकळ राहावा म्हणून आत कोअर कसा बसवतात, दोन साच्यांच्या सांध्याची रेघ कानसीने कशी घासतात, हे मी तिघांना सांगितले. हिशेबनीस मित्र कान देऊन ऐकत होता. फलकावर जे लिहिले नव्हते, ते मला वाचता येत होते.

तिसऱ्या दिवशी मात्र आमचे भांडण झाले. लेथवरच्या एका मित्राने म्हैसूरला भाड्याच्या गाडीने जाऊ म्हटले. धाकटा गप्प झाला. त्याने बोनसातील निम्मी रक्कम बहिणीच्या लग्नासाठी घरी दिली होती, हे आम्हांला माहीत होते. “त्याचे पैसे आम्ही घालतो,” असे कोणी तरी म्हणाले. तो उठून बाहेर गेला. मग हिशेबनीसाने वही उघडून उरलेली रक्कम मोठ्याने वाचली आणि म्हणाला, “चौघांना सारखे परवडेल तेवढेच करायचे. उपकार सुरू झाले की मैत्री संपते.” आम्ही साध्या बसने निघालो. बसस्थानकावर पाट्यांची तीच दाटी होती. मी एका बसकडे बोट दाखवले: “ही म्हैसूरची.” पहिले अक्षर ‘मै’ होते. तरीही नियमाप्रमाणे दोघांना विचारले. उत्तरे जुळली.

परत आल्यावर आईने विचारले, “काय आणलंस?” मी तिला चंदनाचा साबण दिला आणि वहीतली गिरवलेली अक्षरे दाखवली. पुढच्या आठवड्यात बँकेत गेलो. मित्र मागेच रांगेत होता. मी खिडकीजवळून स्लिप घेतली, आधार कार्ड समोर ठेवले आणि लिहू लागलो. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत उभा राहिला.

पाठगत प्रश्न – २

१. लेखकाने इंग्रजी अर्ज कशाच्या मदतीने भरला?
२. रिचर्ड शिर्मान यांना वसतिगृहाची कल्पना कोणत्या प्रसंगातून सुचली?
३. धाकटा मित्र उठून बाहेर का गेला?

शब्दार्थ

फर्मा – ज्या वस्तूचे ओतकाम करायचे तिचा नमुना
साचा – धातू ओतण्यासाठी वाळूत उठवलेला आकार
आसरा – आश्रय
वाटसरू – प्रवासी
जहागीर – सेवेच्या मोबदल्यात मिळालेला प्रदेश

वाक्प्रचार

जीव भांड्यात पडणे – काळजी दूर होणे
कानाला खडा लावणे – चुकीपासून धडा घेऊन पुन्हा तसे न करण्याचा निश्चय करणे
कान देऊन ऐकणे – लक्षपूर्वक ऐकणे

हे लक्षात ठेवा

• वसतिगृहात ओळखपत्र दाखवावे लागते. ते निघताना आठवणीने घ्यावे.
• काही वसतिगृहे त्याच शहरातील रहिवाशांना जागा देत नाहीत. नियम आधी विचारून घ्यावेत.
• थांब्यावर उतरताना बसचा क्रमांक आणि निघण्याची वेळ लक्षात ठेवावी.
• सर्व पैसे एकाच ठिकाणी ठेवू नयेत. सामाईक खर्चाचा हिशेब रोज लिहावा.

आपण काय शिकलात?

नियोजन, थोडे सामान आणि चोख हिशेब यांमुळे दूरचा प्रवास सामान्य माणसाच्या आवाक्यात येतो. जे शिकायला मिळाले नाही, ते न येण्यात लाज नाही. पदवीधरालाही एखादी लिपी अनोळखी असू शकते. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाजवळही अनुभवाचे आणि कारागिरीचे ज्ञान असते. मात्र अक्षरे शिकली, तर त्याच्या त्या ज्ञानाला नवी वाट मिळते. मैत्रीत मदतीइतकाच दुसऱ्याचा स्वाभिमान जपणेही महत्त्वाचे असते.

पाठान्त प्रश्न

१. “हे वाक्य मी आयुष्यभर दुसऱ्यांना सांगायचे टाळत आलो होतो.” हे वाक्य कोणते? लेखक ते का टाळत होता? सविस्तर लिहा.
२. मित्राने अर्ज परत दिला, हे त्याने योग्य केले असे आपणांस वाटते का? दोन्ही बाजूंचा विचार करून उत्तर लिहा.
३. “फलकावर जे लिहिले नव्हते, ते मला वाचता येत होते.” ह्या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. “उपकार सुरू झाले की मैत्री संपते.” ह्या विधानावर आपले मत आठ-दहा ओळींत लिहा.
५. उपक्रम : आपल्या गावापासून तीनशे किलोमीटरच्या आतील एखादे ठिकाण निवडा. चार मित्रमैत्रिणींच्या दोन दिवसांच्या प्रवासाचे वेळापत्रक, सामानाची यादी आणि खर्चाचा अंदाज तयार करा. बसचे भाडे जवळच्या बसस्थानकावर स्वतः विचारून लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (१) चष्मा घरी राहिला, असे कारण. (२) एका रात्रीचे मुक्कामाचे भाडे वाचले आणि दिवस मोकळा मिळाला. (३) दोघांना विचारावे आणि उत्तरे जुळली तरच निघावे.

प्रश्न २ : (१) आधार कार्डावरील इंग्रजी नाव व पत्ता पाहून. (२) सहलीत वादळ आले असता विद्यार्थ्यांसह एका शाळेत आसरा घ्यावा लागला, त्या प्रसंगातून. (३) आपल्या वाट्याचे पैसे मित्रांनी भरावेत, हे त्याच्या स्वाभिमानाला रुचले नाही म्हणून.